हाजीरचा एवजी

"हुकूम कुणाचा?"

जमादारांना काहीही सांगा, पहिला सवाल हाच यायचा. जेवायला चला म्हटलं तरी हुकूम कुणाचा, उन्हातून उठून सावलीत या म्हटलं तरी हुकूम कुणाचा. विचारताना उजवा हात आपोआप छातीवर जायचा, पूर्वी तिथं पितळी बिल्ला असायचा म्हणून. नोकरी संपली तेव्हा बिल्ला सरकारजमा झाला, पण हाताची सवय काही गेली नाही. जमादारीणबाई म्हणायच्या, यम न्यायला आला तर त्याला बी ह्ये हेच इचारत्याल. पुढं माझी अंबडला बदली झाली आणि जमादार गेल्याचं तिथं कळलं, तेव्हा मला वाईट वाटण्याआधी हेच आठवलं. यमाची काय तारांबळ उडाली असेल, देव जाणे.

चकलांब्याच्या पुढं, अगदी इंग्रजी हद्दीच्या तोंडावर जकातीचा नाका होता, तिथं मी कारकून होतो. तेव्हा आपल्याकडं निजामाचं राज्य. अलीकडं मोगलाई, पलीकडं इंग्रजी मुलूख आणि मध्ये रस्त्यावर आडवं टाकलेलं एक बाभळीचं लाकूड. एवढ्या लाकडावर दोन राज्यं अडवून धरल्याचा आम्हा नाकेवाल्यांना मोठा अभिमान. नाक्याचे मुख्य म्हणजे दारोगासाहेब. हैदराबादचे, रूमी टोपीतले, फार नाजूक गृहस्थ. त्यांना इथलं ऊन मानवत नव्हतं, पाणी मानवत नव्हतं आणि ज्वारीची भाकरी तर बघूनच घाम फुटायचा. माणूस मात्र सोन्यासारखा.

जमादार नोकरीतून सुटले होते, पण त्यांचं घर नाक्याच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडं. सकाळी लाकूड उचलायच्या वेळेला स्वारी येऊन उभी. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नको म्हटलं नाही. आणि त्यांच्यासोबत त्यांचा कुत्रा, हाजीर.

हा हाजीर जमादारांच्या घरी आला तो जप्तीचा माल म्हणून. हसू नका, खरं सांगतोय. माझ्या आधीची गोष्ट आहे. पाथर्डीकडून मडक्यांची गाडी आली, तलाशी घेताना एका मडक्यात पिल्लू निघालं. गाडीवान म्हणाला, माझं न्हाई. मडकी तुझी, मग आतला माल कुणाचा, असं जमादारांनी विचारलं. गाडीवान घाबरला आणि शपथा खायला लागला. ज्या मालाला धनी नाही तो सरकारजमा, हा कायदा जमादारांना तोंडपाठ. त्यांनी पिल्लू जप्त केलं आणि जप्तीचा माल सांभाळायचा म्हणून घरी नेलं. सकाळी हजेरीला नाव पुकारलं की शिपायांच्या आधी ते पिल्लू भुंकायचं, म्हणून नाव पडलं हाजीर.

सरकारी प्राणी, तेव्हा त्याच्याशी बोलायचं सरकारी भाषेत, हेही जमादारांनी ठरवून टाकलं. घरात सगळा कारभार मराठीत, पण कुत्र्याशी उर्दू. तीही जमादारांची स्वतःची. "हाजीर, तशरीफ रखो," म्हटलं की तो बसायचा. "तलाशी लेव," म्हटलं की गाडीखाली जायचा. जमादारीणबाईंना उर्दूचं अक्षर येत नव्हतं, म्हणून त्यांनी हाजीरशी बोलायचं नाही असा घरात कायदा. बाई मुकाट्यानं भाकरी कुस्करून दूध घालून पुढं ठेवायच्या. मला एकदा म्हणाल्या, दादा, जन्मात मला कधी बस म्हणले न्हाईत आन् कुत्र्याला तशरीफ.

हाजीरला भरलेली गाडी आणि रिकामी गाडी कळायची. रिकाम्या गाडीवर तो भुंकत नसे. हिवराच्या झाडाखाली त्याचं पोतं असायचं. भरलेली गाडी दिसली की पोत्यावरून उठायचा, लाकडाजवळ जायचा आणि तीनदा भुंकायचा. गाडीवान आपोआप कासरे ओढायचे. खरं सांगायचं तर आम्ही पगारी लोक आत सावलीत बसून हाजीरच्या भरवशावर राज्य चालवत होतो.

पण कुत्र्याचं आयुष्य ते केवढं. मी आलो तेव्हाच तो म्हातारा होता. मग एका डोळ्यात सारा पडून दिसेनासं झालं, मग दुसऱ्यात. मागचे पाय लुळे पडायला लागले. कान मात्र शेवटपर्यंत शाबूत, आणि तेच नडलं. बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की पुढच्या पायांवर अंग ओढत तो घरून रस्ता ओलांडून यायचा. चाकोरीत मधेच दम लागून बसायचा. जमादारांनी त्याला बांधून ठेवून बघितलं, तर मान सोलून घेतली. कोंडलं, तर दार खरडून नखांतून रक्त काढलं. उचलून घरी नेऊन ठेवावं, तर पुढच्या गाडीला पुन्हा रस्त्यात.

एक दिवस कापसाची गाडी आली. गाडीवान गाठोड्यांच्या वर उंच बसलेला, त्याला खाली काही दिसलं नाही. हाजीर चाकोरीत बसलेला. जमादारांनी धावत जाऊन बैलांच्या शिंगांना धरलं, म्हणून वाचला. त्यानंतर ते माझ्याशेजारी येऊन बसले. असं बोलणारा तो माणूस नव्हता, पण बोलले.

"मुन्शीजी, त्यो चाकाखाली जाऊ ने. घरी, सावलीला, पोत्यावर पडल्या पडल्या जावा. येवढंच पायजे मला."

म्हटलं, मग त्याला घरी कसा ठेवणार. तर जमादारांनी याचाही विचार करून ठेवला होता. हाजीर घरी थांबत नाही, कारण त्याला कुणी रुखसत दिलेली नाही. सरकारी नोकर आपल्या मनानं घरी बसतो का? त्याला वरून मोकळीक मिळाली पाहिजे, की बाबा तुझी नोकरी झाली, आता जा. आणि ही रुखसत जमादार देऊ शकत नाहीत, कारण ते स्वतःच सुटलेले. ती दारोगासाहेबांनीच द्यायची.

मी त्यांना घेऊन आत गेलो. दारोगासाहेब दुपारच्या झोपेच्या तयारीत होते. जमादारांनी सलाम ठोकून सगळी कैफियत मांडली. साहेबांनी अर्धी ऐकली, अर्धी डोळे मिटून ऐकली, आणि मोठ्या दिलानं हात उडवून म्हणाले, "ठीक है बाबा. कुत्ता बरखास्त!"

आता हा शब्द बघा. कचेरी सुटली की आपण म्हणतो, कचेरी बरखास्त झाली. साहेबांच्या मनात तेवढंच होतं, की सुटला बिचारा. पण नोकरीतल्या माणसाला बरखास्त म्हणजे काय ते जमादारांना विचारा. बरखास्त म्हणजे गुन्हा शाबीत होऊन, पट्टा काढून हाकलून दिलेला. जमादारांचा चेहरा उतरला. सलाम न करता बाहेर पडले, आणि हिवराखाली मला गाठून म्हणाले, "कावून बरखास्त? काय चोरलंय त्यानं?"

मी समजावलं, शब्दाचे दोन अर्थ सांगितले. ते म्हणाले, दुसरा अर्थ कुत्र्याला काय माहीत.

तेव्हापासून जमादार रुसले. नाक्यावर यायचे बंद झाले, आणि आपल्या ओट्यावर नाक्याकडं पाठ करून बसायला लागले. गंमत अशी की बरखास्त झालेला नोकर रोज सरपटत कामावर हजर आणि त्याच्या बाजूनं भांडणारा घरी. शिपाई दर गाडीला पळत जाऊन हाजीरला बाजूला घ्यायचे. शेवटी दारोगासाहेबांनी मला बोलावून हळूच विचारलं, मुन्शी, मैंने कुछ गाली दी क्या? मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, हैदराबादेत माझे वडील गेले तेव्हा मला एवढं वाईट वाटलं नव्हतं. हे जरा जास्तच झालं, पण साहेब तसेच होते.

मग दुसऱ्या सकाळी रीतसर समारंभ झाला. साहेब काळी शेरवानी घालून बाहेर आले. त्या उन्हात शेरवानी म्हणजे शिक्षाच. दोन शिपाई लाकडाच्या दोन टोकांना ताठ उभे. जमादारांनी हाजीरला आंघोळ घालून, उचलून आणून पोत्यावर बसवला. त्यांच्या डोक्याला ठेवणीतला रुमाल. दारातून जमादारीणबाई बघत होत्या. साहेबांनी अशी काही उर्दू सुरू केली की तशी मी परत ऐकली नाही. सरकार तुमच्या खिदमतीवर खुश आहे, तुमच्या इमानदारीची मिसाल दिली जाईल, वगैरे वगैरे. जमादारांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. साहेब आता "रुखसत मंजूर" म्हणणार, "मंजू" पर्यंत आलेही, तेवढ्यात पलीकडून मिरचीची गाडी आली. हाजीर उठला, साहेबांच्या पायांमधून सरपटत लाकडापाशी गेला आणि तीनदा भुंकला.

साहेब तसेच हात वर करून उभे.

जमादार मात्र जरा विचार करून म्हणाले की चूक आपलीच आहे. रुखसत दिली, पण जायजा कुठं झाला? म्हणजे कामाचा ताबा घेणारा कोण? जागा रिकामी टाकून कोणता इमानदार नोकर घरी जाईल? आधी एवजी नेमा, त्याच्या जागेवर काम करणारा दुसरा माणूस. माणूस म्हणजे कुत्रा. मग बघा कसा जातो.

हे साहेबांनाही पटलं. मलाही पटलं, काय लपवू. त्या नाक्यावर राहून राहून आमच्या सगळ्यांच्याच डोक्यावर परिणाम झाला होता.

एका शिपायानं उमापूरच्या बाजारातून एक तरणाबांड कुत्रा आणला. त्यानं पहिल्या दिवशी साहेबांचा खिमा खाल्ला. दुसऱ्या दिवसापासून येणाऱ्या प्रत्येक गाडीवानापुढं शेपूट हलवायला लागला. आणि मग एका गुळाच्या गाडीमागं चालत चालत जो पलीकडं गेला तो आलाच नाही. "इंग्रजाला मिळाला," जमादार म्हणाले, आणि थुंकले. हाजीर या सगळ्या काळात सरपटतच होता.

मग एका सकाळी मी नाक्यावर आलो तर हिवराखाली, हाजीरच्या पोत्यावर, जमादार मांडी घालून बसलेले. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, एवजी.

दिवसभर ते बसले. गाडी आली की मोठ्यानं खाकरायचे. पण तिकडं घरात हाजीर प्रत्येक गाडीला मान उचलत होता आणि दाराकडं सरकत होता. दुपारी जमादारीणबाई भाकरी घेऊन आल्या आणि भाकरी ठेवून म्हणाल्या, "नुसतं खाकरून त्याचं मन भरंना. भुकावं लागतंय."

जमादारांचा हात छातीवर गेला. "हुकूम कुणाचा?"

बाईंनी घराकडं बोट दाखवलं. "त्याचा."

जमादारांनी त्या बोटाच्या दिशेनं बघितलं. तेवढ्यात हरभऱ्याची गाडी आली. ते उठले. रुमाल नीट केला, मिशीवरून हात फिरवला, लाकडापाशी गेले आणि तीनदा भुंकले. अगदी हाजीरसारखं. पहिलं मोठं, मधलं आखूड, शेवटचं जरा ओढून. बैल बुजले. गाडीवानानं घाबरून पागोटं काढलं. आतून साहेब बाहेर आले. आम्ही शिपायांसकट पोट धरून हसलो, आणि आमचं हसू संपेपर्यंत जमादार शांतपणे उभे राहिले. तोवर घरी परतलेल्या जमादारीणबाई दारातून हातानं खुणावत होत्या, की निजला. हाजीरनं मान घरातल्या पोत्यावर टाकली होती. गाडी गेली तरी उचलली नाही.

मग रोजचंच झालं. लोक सुरुवातीला बघायला यायचे. बाजाराच्या दिवशी तर उमापूरच्या बायका मुद्दाम वाट वाकडी करून आल्या. पण माणसाला कशाचीही सवय होते. गाडीवान "राम राम जमादार" म्हणायचे, जमादार राम राम करायचे, आणि मग भुंकायचे. रिकामी गाडी असेल तर नुसतं राम राम. चौसाळ्याहून त्यांचे जावई आले, मान खाली घालून म्हणाले की आमच्या गावात लोक विचारतात, तुमचे सासरे भुकत्यात म्हणं. जमादार म्हणाले, सांगा त्यास्नी, सरकारी काम हाय. जावई पाणी न पिता परत गेले.

पण यातली खरी गोम माझ्या उशिरा ध्यानात आली. कुत्र्याला घरी पडून राहता यावं म्हणून जमादारांना दिवसभर त्याच्यापासून लांब बसावं लागत होतं. भाकरी आली की पहिलं विचारायचे, खाल्लं का, कूस बदलली का. दिवस मावळताना लाकूड खाली पडलं की धावत घरी जायचे आणि त्याच्याजवळ बसून त्याला दिवसभराची खबर द्यायचे, कोणती गाडी आली, कुणाचा बैल लंगडतो. सगळं उर्दूत. बाई सांगायच्या, ते ऐकून त्यो कान हलवतोय.

मग तो दिवस उजाडला. जमादारीणबाई सकाळीच नाक्यावर आल्या. त्या सहसा सगळ्यांसमोर नवऱ्याशी बोलत नसत, त्या दिवशी बोलल्या.

"अवो, आज घरी चला. आज त्याचं काय खरं दिसत न्हाई."

जमादार उठले आणि परत बसले. समोरून गाड्यांची रांग येत होती, शेवगावकडून गूळ आणि कापूस. मी घरी गेलो तर हिथं भुकायचं कुणी, म्हणाले. कुणी भुकलं न्हाई तर त्यो उठंल. उठायची ताकद न्हाई त्याच्यात, तरी उठंल. रस्त्यातच जाईल. एवढं बोलून ते पोत्याचा धागा उपटत राहिले. शेवटच्या वेळेला जवळ असावं तर त्याला सुखानं मरता येत नाही, आणि सुखानं मरू द्यावं तर आपल्याला जवळ राहता येत नाही. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. साहेब कधी येऊन मागं उभे राहिले ते कळलंच नाही.

ते म्हणाले, "जमादार, तुम घर जाव. मैं भौंकता हूँ."

जमादारांनी त्यांच्याकडं बघितलं. त्यांचा हात छातीकडं गेला नाही. त्यांनी काही विचारलं नाही. सलाम केला आणि रस्ता ओलांडून गेले.

साहेबांचं पहिलं भुंकणं इतकं अदबशीर निघालं की बैलांनी कानसुद्धा हलवला नाही. समोरच्या दारातून जमादारीणबाईंनी हात हलवून खुणावलं, मोठ्यानं. साहेबांनी रूमी टोपी काढून माझ्या हातात दिली, गळ्याची गुंडी सोडली, आणि हैदराबादच्या त्या खानदानी माणसानं जे काही भुंकायला सुरुवात केली, ते मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर मीही विश्वास ठेवला नसता. त्यांचा दम गेला की मी भुंकायचो. माझा घसा बसला की शिपाई. गाडीवानांना काय कळलं कोण जाणे, पण एकही हसला नाही. एक म्हातारा गाडीवान तर जाताना म्हणाला, जरा मधलं आखूड काढा.

घरात काय चाललं होतं ते जमादारीणबाईंनी मला नंतर सांगितलं. जमादार हाजीरचं डोकं मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसले होते. बोलायला गेले तर उर्दूचा एक शब्द त्यांना आठवेना. "दमलास रं लेकरा," म्हणत होते, आणि मग नुसतं पाठीवरून हात फिरवत होते.

आम्ही भुंकत राहिलो. दुपार कलली, ऊन नाक्याच्या मागं गेलं, तरी घराकडून काही निरोप येईना. निरोप येत नाही म्हणजे जीव आहे, असं धरून आम्ही चाललो होतो. साहेबांच्या तोंडून शेवटी शेवटी नुसतीच हवा निघत होती. दिवस मावळायला आला, शेवटची गाडी गेली, तेव्हा जमादार रस्ता ओलांडून आले. डोक्याला रुमाल नव्हता.

"बस करा साहेब," ते म्हणाले. "हाजीर गेला."

"कब?" साहेबांनी बसक्या घशानं विचारलं.

"सकाळीच. तुमी सुरू केल्यावर लगीच. मान बी उचलली न्हाई त्यानं."

मला एकदम रागच आला. घसा सोलून निघाला होता. मी म्हटलं, अहो जमादार, मग सांगायचं तरी, आम्ही सकाळपासून येड्यासारखे भुंकतोय.

जमादारांनी हिवराखालचं पोतं उचललं, झटकलं, आणि घडी घालून काखेत धरलं.

"सांगाया उठलतो मुन्शीजी," ते म्हणाले. "पर तुमी भुकत व्हता ते घरात ऐकू येत व्हतं. वाटलं, अजून हाय त्यो नाक्यावर. म्हून बसलो ऐकत."